वासाची सवय होते का हो?

कचऱ्याच्या जागा तपासायला जाते म्हटलं की समोरचा माणूस आधी नाक मुरडतो आणि मग विचारतो, "एवढा वास सहन कसा होतो? की सवय होते?" पगार, अधिकार, कुणी पैसे देऊ करतं का, हे सगळं नंतर. इतकी वर्षं मी हसून "होते सवय" म्हणत आलेय, कारण उभ्या उभ्या दुसरं काही सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत आणि उत्तरासाठी थांबलात, म्हणून आज नीट सांगते.

सवय होते. आणि या कामातली खरी अडचण तीच आहे.

आधी शब्दशः सवय घ्या. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला कळतो. पण प्रमाण 100 भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला असं वाटतं, वायू मात्र तिथेच असतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो टाकीच्या तळाशी, पंपाच्या चेंबरमध्ये साचून राहतो. एकदा नव्यानं रुजू झालेला एक मुलगा सोबत होता. लीचेटच्या, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याच्या चेंबरवर वाकून मला म्हणाला, "मॅडम, आता येत नाहीये वास." मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. वायूचं मीटर त्याच्याकडे होतं, पण खराब होऊ नये म्हणून त्यानं ते पिशवीत ठेवलं होतं. पिशवीतून ते बारीक आवाजात ओरडत होतं.

हा वायू येतो कुठून, तेही गमतीचं आहे. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा सगळ्यांना निरुपद्रवी वाटतो. त्यात पांढरे प्लास्टरबोर्ड असतात. त्यातलं जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते ओल्या कचऱ्याबरोबर गाडलं गेलं आणि हवा तुटली, की ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू त्या सल्फेटवर पोसतात आणि हा वायू सोडतात. म्हणून गाड्या रिकाम्या होतात त्या जागी पांढरे तुकडे दिसले की मी तिथेच थांबते. "मॅडम, तो नुसता राडारोडा," असं मला ऐकवलं जातं. तेवढ्यासाठीच थांबलेली असते मी.

उलट ज्याला वासच नाही तो मिथेन. गाडलेल्या कचऱ्याच्या भरावातून निघणाऱ्या वायूचा साधारण निम्मा भाग तोच असतो. हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की एक ठिणगी पुरते. तो फक्त वर जातो असंही नाही, मातीतून आडवा सरकत शेजारच्या इमारतीच्या तळघरापर्यंत पोहोचतो. त्यामुळे मी ढिगावर चढण्याआधी फाटकाजवळच्या ऑफिसात जाते आणि जमिनीतून केबल वर येते त्या पाइपच्या तोंडाशी मीटरची नळी धरते. तिथे बसणाऱ्या लोकांना ते विचित्र वाटतं, पण दिवसभर बसलेले तेच असतात ना.

बरं, वास आला तरी अहवालात काय लिहायचं? "दुर्गंधी जाणवली" असं लिहिलं की समोरून उत्तर तयार असतं, "आम्हाला नाही जाणवत." वास मोजण्याची रीत आहे. त्यासाठी ईएन 13725 नावाचं युरोपीय मानकही आहे. हवेचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत न्यायचा, शुद्ध हवा मिसळत पातळ करत जायचा आणि निवडलेल्या माणसांना हुंगायला द्यायचा. निम्म्या लोकांना कळेनासा होईपर्यंत तो किती पट पातळ करावा लागला, तो आकडा म्हणजे वासाची तीव्रता. ही नाकं आधी ब्युटेनॉल नावाच्या उग्र वासाच्या रसायनावर पारखून घेतात. मंद नाक बाद आणि फार तिखट नाकही बाद, मधलं हवं असतं. दिवसभर ढिगांवर हिंडलेलं माझं नाक तिथे कुणी दारातही उभं करणार नाही.

म्हणून नाकापेक्षा मी कागद जास्त हुंगते. लीचेट शुद्धीकरणाच्या नोंदवहीत महिनाभर पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे त्याचा आकडा, रोज 7.2, एकाच पेनानं, एकाच हातानं, रविवारीसुद्धा. मग मी पंपाच्या विजेच्या मीटरचा आकडा मागते. पाऊस धो धो पडला, पाणी वाढलं असणार, आणि वीज मात्र कमी जळाली? कचरा जाळायच्या भट्टीचंही तसंच. जाळताना धूर किमान 850 अंश सेल्सिअसवर 2 सेकंद राहिला पाहिजे, हा अनेक देशांतला नियम. तापमानाच्या आलेखावर रात्रभर पट्टीनं ओढल्यासारखी सरळ रेघ दिसली की समजायचं, एक तर तापमान मोजणाऱ्या तारेत बिघाड आहे नाही तर माणसात. आग कधी इतकी शहाण्यासारखी जळत नाही. (खोट्या नोंदी करणारे आळशी असतात, हा माझा अनुभव. थोडे चढउतार घालायलाही त्यांना कंटाळा येतो.)

पण खरी सवय नाकाची नसते, जागेची असते. एकाच ठिकाणी सातव्यांदा गेलं की उतारावरची भेग ओळखीची होते. "ती जुनीच आहे," असं तिथला व्यवस्थापक म्हणायच्या आधी आपणच मनात म्हणतो. इंडोनेशियात लेउविगाजा इथे 21 फेब्रुवारी 2005 रोजी मोठ्या पावसानंतर कचऱ्याचा डोंगर घसरला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून भेग दिसली की मी टेप काढते, मागच्या फोटोशेजारी नवा फोटो ठेवते. ओळखीची असली तरी.

तरीही फसले, ते असं. एका खतप्रकल्पाशेजारी राहणाऱ्या एका आजींची तक्रार होती, पहाटे वासानं झोप मोडते. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा सकाळी साडेअकराला. दोन्ही वेळा लिहिलं, "पाहणीवेळी दुर्गंधी आढळली नाही." वाक्य खरं होतं. मी ते निर्धास्तपणे लिहिलं, याची आज लाज वाटते. निरभ्र रात्री वारा पडला की जमीन झपाट्यानं थंड होते, तिच्यालगतची हवाही गार पडते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. वास त्याखाली अडकून जमिनीलगत पसरतो. ऊन चढलं की हवा घुसळली जाते आणि तो वर विरून जातो. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण ऑफिसची गाडी दहाला निघते.

तिसऱ्या वेळी पहाटे पाचला गेले. आधी प्रकल्पाला चक्कर मारली आणि मग आजींच्या दारात उभी राहिले. मला काही जाणवेना. आजी म्हणाल्या, "हा काय, येतोय की." माझं नाक अर्ध्या तासात तिथलंच झालं होतं.

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. तीन महिन्यांच्या चौकोनांत बारीक अक्षरात वेळा होत्या, 3.40, 4.15, काही चौकोन कोरे. कोरे का, विचारलं. "त्या दिवशी नाही आला. खोटं कशाला लिहू?"

मी ते घेऊन प्रकल्पावर परत गेले. खताचे ढीग दिवसा दहा ते बारा पालटतो, असं नोंदवहीत होतं. ढीग पालटला की आत कोंडलेला अमोनिया आणि आंबट वायू एकदम बाहेर पडतात. ढीग पालटणाऱ्या लोडर यंत्राला डिझेल दिल्याची वही वेगळी होती आणि ती लिहिणाऱ्या माणसाला खोटं लिहायला कुणी सांगितलेलं नव्हतं. डिझेल रात्री दीड-दोनला दिलेलं. आजींच्या चौकोनांशी ताडून पाहिलं तर दोन तारखा सोडून सगळ्या जुळल्या. व्यवस्थापक म्हणाला, दिवसा गाड्यांची गर्दी असते, जागा मिळत नाही. ते खोटंही नसावं.

अहवालात कॅलेंडरची पानं परिशिष्ट म्हणून जोडली, डिझेलच्या वहीच्या नकलेच्या आधी. मूळ कॅलेंडर पाकिटात घालून सील करताना आजींनी पुढच्या महिन्याचं पान फाडून स्वतःकडे ठेवलं. म्हणाल्या, "हे नको नेऊस, यावर माझ्या औषधांच्या तारखा आहेत."