म्हशीचं दूध, गाईचं दूध आणि दोन समीकरणं

आज दहावीच्या तासाला वयांची गणितं बाजूला ठेवून दूध घेतलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांना फॅट समजावावं लागत नाही!

म्हशीच्या दुधात ६.५ टक्के फॅट, म्हणजे स्निग्धांश; गाईच्या ३.५. म्हशीचं दूध क्ष किलो, गाईचं य किलो. दोन्ही मिसळून ४.५ फॅटचं १०० किलो प्रमाणित (स्टँडर्डाइज्ड) दूध हवं.

क्ष + य = १००
६.५क्ष + ३.५य = ४५०

चूक हमखास दुसऱ्या ओळीत: उजवीकडे नुसते ४.५ लिहितात. डावीकडे किलो गुणिले टक्के आहेत, मग उजवीकडेही ४.५ × १०० हवेत. आणि लिटर नको, किलोच घ्या. फॅटचे टक्के वजनावर असतात.

क्रेमरच्या निश्चयकांच्या नियमाने क्षचा छेद ३.५ − ६.५ = −३, अंश ३५० − ४५० = −१००. म्हशीचं ३३.३३ किलो, गाईचं ६६.६७. दोन्हींचं फॅट सारखंच असतं तर छेद शून्य, म्हणजे कितीही मिसळा, फॅट हलणार नाही.

खरी गंमत पुढे. प्रमाणित दुधाला एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, किमान ८.५ टक्के लागतं. म्हशीचं ९, गाईचं ८.२ धरलं तर मिश्रणात ८.४७ येतं. थोडक्यात हुकलं! अटी तीन, चलं दोनच. आता स्किम पावडर (साय काढलेल्या दुधाची पावडर) हे तिसरं चल घ्यावं लागतं. ते उद्या.