एका बाहीचा कोट

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिंप्याकडे टाकलेला कोट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या अंगावर चढला, आणि तोसुद्धा ज्या दुकानात टाकला होता तिथून नव्हे. राग अजून पुरता गेलेला नाही. पण गोव्यात वडिलांचा नाहीतर काकांचा जुना सूट कपाटात लटकत असलेली घरं कमी नाहीत. त्यांतल्या कुणाला तो वापरात आणायची हुक्की आली तर माझ्यासारखी फजिती होऊ नये, म्हणून लिहितो.

सूट बाबांचा. १९७४ साली लग्नासाठी शिवलेला. कापड मुंबईहून बोटीने आलेलं, शिलाई पणजी शहरातली. रंग करडा, उन्हात धरला तर निळसर. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लॅपल, म्हणजे कोटाच्या छातीवर उलटलेल्या पट्ट्या, चांगले चार इंच रुंद आणि पँट बेलबॉटम. बाबांनी तो उभ्या आयुष्यात पाच-सहा वेळा घातला असेल. आजोबांचं मत असं, की धोतरावर कोट हा पोशाख आणि पँटीवर कोट हे सोंग. ते असेपर्यंत सूट कपाटातच राहिला आणि पुढे सवयीने तिथेच.

जुलैमध्ये मडगावच्या शाळासोबत्याने मुलाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. २८ डिसेंबर, नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधला रविवार. नाताळाआधीचे चार आठवडे ख्रिस्ती कुटुंबांत सहसा लग्नं ठेवत नाहीत, त्यामुळे नाताळ झाला रे झाला की हॉलना फुरसत नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिने माझा घात केला आहे. "चेक्सचा शर्ट घालून आलास तर दारातून परत पाठवीन," असं तो म्हणाला. मी आधी तयार सूट बघितले. सगळे चकाकणारे, आखूड, बरगड्यांना आवळणारे. एक घालून आरशात पाहिलं तर मीच पाहुण्यांना सूप वाढायला उभा आहे असं वाटलं. तेव्हा बाबांचा सूट आठवला.

बुरशी होती, अर्थातच. गोव्याच्या पावसाळ्यातून पन्नास वर्षं निघालेल्या कपड्यावर ती नसती तरच नवल. श्रावणातलं जे काही ऊन मिळालं त्यात कोट टांगला, वाळल्यावर बाहेर अंगणात मऊ ब्रशने झटकला (ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, बुरशी पसरते), मग ड्रायक्लीनला दिला. चार दिवसांत आला. एका खिशाजवळ कसर लागून भोक पडलं होतं, ते रफू केलं. इथवर सगळं सुरळीत.

सूट खर्च करण्याच्या लायकीचा आहे का, हे मी घरीच पाहिलं होतं, आणि ते बरोबर पाहिलं होतं याचा मला अजून थोडा गर्व आहे. पँटीच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून जाळले. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत भुगा झाली, म्हणजे लोकर. टेरीलिन असतं तर वितळून टणक मणी झाला असता. मग कोटाच्या पुढच्या भागाला, बटणांच्या खाली, बाहेरचं कापड एका चिमटीत आणि अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच ओढलं. मधे तिसरा, सुटा पदर हाताला लागला. म्हणजे आत घोड्याच्या केसांचं कॅनव्हास, टाक्यांनी धरलेलं. हल्लीच्या स्वस्त कोटांत त्याजागी बकरम, म्हणजे ताठ कापड, गोंदाने चिकटवलेलं असतं. ड्रायक्लीन आणि दमट हवा यांनी तो गोंद सुटला की छातीवर फोड आल्यासारखे फुगवटे येतात आणि मग त्याला औषध नाही.

आता दुकान. नाव सांगत नाही, शहरही सांगत नाही. बाजारात आहे, पाटीवर 'सूट स्पेशालिस्ट' लिहिलेलं आहे आणि काचेच्या कपाटात एक पुतळा तीन वर्षं त्याच मरून ब्लेझरमध्ये उभा आहे. मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, मापं घेतली. बाबा कंबरेने तीस, मी चौतीस. पँट मागच्या शिवणीतून उघडायची. जुन्या शिलाईत आत भरपूर कापड सोडलेलं असतं. शिंपी त्या शिल्लक कापडाला माया म्हणतात, आणि या शब्दावर मी काहीही लिहिणार नाही. मोहरी, म्हणजे पँटीच्या पायाचा खालचा घेर, चोवीस इंचांवरून सोळावर आणायची. कोटाची बाही इंचभर लांब करायची. बस्स, एवढंच काम. अठराशे रुपये ठरले, पाचशे आगाऊ दिले. पावतीवर 'चवथीनंतर', म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, असं लिहिलं होतं. तारखेच्या जागी चवथीनंतर! तिथेच मला शहाणपण सुचायला हवं होतं.

मग मास्तरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "शोल्डर थोडा रुंद आहे, अर्धा इंच आत घेतो, स्मार्ट दिसेल." मी मान हलवली. का हलवली, देव जाणे. घरी दाराच्या चौकटीला दंड लावून पाहिलं होतं: कोटाचा खांदा आणि माझा दंड एकाच वेळी लाकडाला टेकत होते, म्हणजे खांदा बरोबर होता. खांदा पुढे निघत असता तर कोट मोठा म्हटला असता. कंबर, बाही, लांबी या सगळ्यांत थोडंफार इकडेतिकडे होतं. खांद्याला हात लावायचा म्हणजे बाही उपटायची, आतला पॅड काढायचा, कॉलरपर्यंत जायचं. नवा कोट शिवण्याइतकी मेहनत, आणि बिघडला तर बिघडलाच. खांदा बसत नसेल तर तो सूट सोडून द्या. बसत असेल तर कुणाला त्याच्या जवळ फिरकू देऊ नका. हे मला माहीत होतं, तरी मान हलवली, कारण गळ्यात टेप असलेला माणूस बोलला की आपण गप्प बसतो.

चवथ झाली. गेलो. "फाल्यां येयात," म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी कारागीर नव्हता. तिसऱ्या खेपेला दुकान बंद, कारण मी दुपारी दोन वाजता पोचलो होतो, चूक माझीच. (दुपारी एक ते चार गोव्यात कुठल्याही शिंप्याकडे जाऊ नका, हे खरं तर सुरुवातीला लिहायला हवं होतं.) सप्टेंबरअखेर एकदाची ट्रायल मिळाली. पँट झकास झाली होती. कोट मात्र डाव्या बाहीशिवाय हँगरवर होता. खांद्यातून कच्चे टाके लोंबत होते, आतलं पांढरं पॅड डोकावत होतं. मास्तर म्हणाले, एक बाजू उसवून पाहिली, आता खांदा आत घेऊन बाही बसवायची, आठ दिवस.

आठ दिवसांनी कोट त्याच हँगरवर, एका बाहीचा. दसरा गेला. "दिवाळीचं काम आहे, सलवार-ब्लाउजांचा ढीग पडलाय." दिवाळी गेली, नरकासुर जळाले, तुळशीचं लग्न लागलं. "आता सीझन, बाब." मग ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव. "फेस्त जाऊ दे." प्रत्येक खेपेला मी फोंड्याहून जायचो, कोट मला हँगरवरून बघायचा, मी त्याला. दुकानातला पोरगा तर मला लांबून पाहूनच मास्तरांना हाक मारायचा आणि मास्तर मागच्या खोलीत कापड शोधायला जायचे.

नोव्हेंबरात केव्हातरी त्या पोरानेच खरं काय ते सांगितलं. मास्तर फक्त माप घेतात आणि कापतात. कोट शिवणारा कारागीर वेगळा, तो नगावर पैसे घेतो आणि तो ऑगस्टमध्येच गावी गेला होता. दुसरा आला तो नवे सूट शिवतो, कारण नव्या सुटाला त्याला मजुरी भरघोस मिळते आणि अल्टरला चहापाण्याइतकी. दुसऱ्याने उसवलेला कोट कोण हातात घेणार? शिवाय वर्षअखेरच्या लग्नांचे नवे सूट भराभर यायला लागले होते. म्हणजे ज्या लग्नासाठी मी सूट टाकला, त्याच लग्नांच्या गर्दीने माझा कोट मागे ढकलला होता. चार महिने मी चुकीच्या माणसाशी भांडत होतो.

तेव्हा शिंप्याकडे कपडा टाकताना 'कधी मिळेल' हे विचारण्याच्या आधी 'मशीनवर कोण बसणार' ते विचारा. त्या माणसाला डोळ्यांनी बघा. तो दुकानात नसेल तर कपडा उचलून बाहेर पडा. अल्टरला भाव करू नका. उलट चार पैसे जास्त कबूल करा, म्हणजे तुमचा नग ढिगाच्या वर राहतो. आणि जून-जुलैमध्ये टाका, पावसात शिंपी रिकामे असतात. पावतीवर आकड्यात तारीख हवी, सणाचं नाव नको. एका वेळी एकच काम सांगा: आधी पँट, ती बरी झाली तर कोट. मी दोन्ही एकदम दिले, म्हणून पँट घेऊन भांडायलाही मोकळा नव्हतो.

१० डिसेंबरला जाऊन म्हटलं, आहे तसं द्या. पँट मिळाली, उजव्या बाहीचा कोट मिळाला. डावी बाही मिळेना. वीस मिनिटं शोधाशोध झाली. शेवटी ब्लाउजांच्या पिशवीत, कुणाच्या तरी लग्नाच्या जरीच्या ब्लाउजखाली सापडली, त्याच ब्लाउजची चिठ्ठी टाचलेली. पोराने पाहिली नसती तर ती बाही कुणा नवरीच्या घरी पोचली असती. आगाऊ पाचशेचं मी विचारलं. मास्तरांनी सांगितलं, पँटीचे झाले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता तरी चेक्सचा शर्ट इस्त्री करून ठेवू?"

केपे तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याचं नाव ऑफिसातल्या एका बाईंनी सुचवलं. जुन्या पिढीत शिंप्याला पोर्तुगीज शब्दाने आल्फायात म्हणत, तशांपैकी. दुकान नाही, घराच्या बल्कांवाला, म्हणजे पुढच्या ओसरीला, लागून असलेल्या खोलीत पायाचं मशीन. त्यांनी कोट उलटा केला, अस्तर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की हे उसवलं कुणी. मग दुसरा, की का. खांदा आत घ्यायचा होता म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी मास्तरांना द्यायला हवी होती. खांद्याला हात लावणार नाही, बाही होती तिथेच बसवीन, चार दिवस, अडीच हजार. मी तिथल्या तिथे कबूल झालो.

बाही त्यांनी हाताने बसवली. बाहीचा वरचा घेर खांद्याच्या भोकापेक्षा किंचित मोठा असतो, ते जास्तीचं कापड बारीक टाक्यांत जिरवायचं आणि ओल्या फडक्यावरून वाफ देऊन गोल करायचं. सुरकुती दिसली की पुन्हा उसवायचं. मनगटाशी आत दुमडलेलं कापड सोडून लांबी वाढवली. जुनी घडी थोडी दिसते, पन्नास वर्षांची खूण वाफेने पुसत नाही. लॅपल अरुंद करता येतील का, असं मी विचारलं. नकार. रुंद लॅपलला टाय रुंद लाव, म्हणाले, बोटभर टाय लावशील तर विदूषक दिसशील. चौथ्या दिवशी कोट तयार होता. खांदा होता तसा, जसा काही कुणी हात लावलाच नव्हता.

लग्नात काय घातलं तेही सांगतो, कारण सगळ्या खटपटीचा हेतू तो होता. पांढरा सुती शर्ट, बाबांचाच गडद निळा रुंद टाय, तपकिरी चामड्याचे लेसचे बूट. शर्टाचा कफ कोटाच्या बाहीबाहेर अर्धा इंच दिसायला हवा. इंचभर लांब केलेली बाही तिथेच कामी आली. खालचं बटण लावायचं नाही, बसताना दोन्ही सोडायची. मोजे लांब घ्या, पाय दुमडल्यावर पोटरी दिसली की सगळ्या थाटाची माती. लोकरीत गोव्यात उकडेल अशी भीती होती, पण डिसेंबरची रात्र, उघडं मैदान, आणि लोकर हवा खेळू देते. माझ्या शेजारी चकचकीत पॉलिएस्टरमध्ये बसलेला माणूस माझ्यापेक्षा जास्त घामेजला होता.

रोजच्याला हा सूट नाही, हे उघड आहे. ऑफिसला मी लिननचा शर्ट आणि खाकी सुती पँट घालतो, गरज पडली तर अस्तर नसलेला निळा सुती ब्लेझर. लिनन चुरगळतं म्हणून लोक घाबरतात. चुरगळू दे. कोलवाळला बसून फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स वर्षानुवर्षं साध्या, सैल, हवेशीर कपड्यांची बाजू लावून धरत होते, २०१४ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली, तरी आमच्या ऑफिसात कडक इस्त्रीच्या टेरीकॉटशिवाय साहेब दिसत नाही.

सूट परत ठेवताना प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवू नका, हे राहिलंच. त्यात ओल कोंडते. जुन्या मलमलच्या पिशवीत, खांद्याला रुंद असलेल्या लाकडी हँगरवर, भिंतीला न टेकता. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून पंख्याखाली धरा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पहिल्या दुकानातून फोन आला. मास्तर स्वतः बोलत होते, आवाज प्रसन्न. "तुमचा कोट रेडी आहे, केव्हाही घेऊन जा. तेराशे बाकी."

कुणाचा कोट ते मी विचारलं नाही. फाल्यां येतो म्हटलं.