ताई, उकडत नाही का?

मी रोज सातारा ते कोरेगाव मोटरसायकलने जाते आणि संध्याकाळी परत येते. बँकेत नोकरी आहे. अंगावर रायडिंग जॅकेट, हातात ग्लोव्ह्ज, गुडघ्यांना गार्ड, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट आणि डोक्याला पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट असतं. पेट्रोल पंपावरच्या मुलापासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंपर्यंत सगळे एकच विचारतात, "ताई, एवढं सगळं घालून उकडत नाही का?" उभ्याउभ्या मी "सवय झालीय" म्हणते आणि निघते. ते उत्तर अर्धवट आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज बैजवार सांगते.

उकडतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला, की पोवई नाक्यावर दोन मिनिटं थांबलं तरी पाठीवरून घामाची धार लागते. गाडी चालू लागली की बरं वाटतं, कारण माझं उन्हाळी जॅकेट जाळीचं आहे आणि त्यातून वारा आरपार जातो. आतला सुती बनियन ओला करून घातला तर कोरेगाव येईपर्यंत गारवा टिकतो. जाळी मात्र रस्त्यावर घासली तर जाड कापडाइतकी टिकत नाही. युरोपात या कपड्यांना टिकाऊपणानुसार ट्रिपल ए, डबल ए, ए अशा उतरत्या प्रती देतात आणि जाळीची जॅकेटं बहुतेक खालच्या प्रतींत मोडतात. हे ठाऊक असूनही उन्हाळ्यात मी तेच घालते. जाड जॅकेट नको होऊन खुंटीवरच राहणार असेल, तर अंगावरची जाळी केव्हाही चांगली.

मी आधीपासून अशी नव्हते. हेल्मेट तेवढं घालायचे, बाकीचं सगळं लांबच्या प्रवासापुरतं. आमचा रविवारचा एक ग्रुप आहे. कास, ठोसेघर, कधी वरंधा घाट. त्या दिवशी नखशिखांत तयारी असायची आणि सोमवारी ते सगळं परत कपाटात जायचं. एका संध्याकाळी घरच्या स्कूटरवरून गिरणीत दळण आणायला निघाले. घरापासून सातशे मीटर. हेल्मेट हाताशी होतं म्हणून घातलं, ग्लोव्ह्ज कपाटातच राहिले. परतताना, पायाशी पिठाचा डबा, आणि कोपऱ्यावर एका बांधकामासमोर बारीक खडी पसरलेली. वळताना पुढचं चाक निसटलं. वेग फार तर पंचवीस असेल.

पडताना माणूस हात पुढे करतो. त्याचा विचार करायला वेळ नसतो, शरीर आपोआप करतं. माझे दोन्ही तळवे सोलून निघाले, उजव्या तळव्यात खडी रुतून बसली. दवाखान्यात नर्सबाईंनी ब्रशने घासून एकेक कण काढला. त्या वेळी मी जशी ओरडले तशी बाळंतपणातही ओरडले नव्हते. पुढचे सहा आठवडे मला भात कालवता आला नाही. मुलगी घास भरवायची, वेणी घालायची, दाराची कडीसुद्धा तीच लावायची. घरी आल्यावर हेल्मेट पाहिलं, तर हनुवटीपाशी तीन बोटं रुंद ओरखडा होता, आतला पांढरा थर दिसेपर्यंत. जर्मनीत डिटमार ओटे या संशोधकांनी अपघातातल्या हेल्मेटवर आघात नेमके कुठे होतात हे मोजलं होतं. सुमारे 35 टक्के आघात हनुवटीच्या भागात निघाले. नुसतं डोकं झाकणाऱ्या टोपीसारख्या हेल्मेटमध्ये तिथे काहीच नसतं. त्या दिवशी माझ्याकडे तसलं हेल्मेट असतं तर माझा जबडा त्या खडीवर घासला असता.

तेव्हापासून एक शब्द माझ्या कानाला टोचतो. इथेच. "इथेच तर जायचंय." आपण कुठे चाललोय ते बघून आपण काय घालायचं ते ठरवतो. महाबळेश्वरला जाताना सगळं, भाजी आणायला काहीच नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवर पंचप्राण ओवाळून टाकणारा माणूस. 13 मे 1935 रोजी तो घराजवळच्या लष्करी छावणीतल्या पोस्टात गेला होता. अंतर दोन-तीन किलोमीटर. परत येताना सायकलवरची दोन मुलं वाचवायला गेला आणि पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला, वय 46. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे ब्रिटिश सैन्यातल्या मोटरसायकलस्वार निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटच्या बाजूने निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पोस्टात ‘इथेच’ गेलेल्या त्या माणसाची मला फार आठवण येते.

माझे मामा 1978 पासून गाडी चालवतात. राजदूत, मग येझदी, आता स्प्लेंडर. हेल्मेट कधीच नाही. ते म्हणतात, "चाळीसच्या वर मी जात नाही, मला काय होणार?" मामांचा हात फार सफाईदार आहे. वळणावर त्यांच्यामागे गाडी घातली की कळतं, रस्ता किती लांबून वाचतात ते. म्हणून त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण वेगाचा त्यांचा हिशेब चुकतो. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. तो अहवाल 1981 चा. त्यात निम्म्या अपघातांमध्ये धडकेच्या क्षणी गाडीचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आतच होता. आणि वेग बाजूलाच ठेवू. उभ्या गाडीवरून माणूस आडवा झाला, तरी दीड मीटर उंचीवरून खाली येणारं डोकं ताशी जवळजवळ वीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटतं. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर त्या क्षणी चेपला जातो आणि डोकं थांबायला थोडा जास्त अवकाश मिळतो. त्याचं काम तेवढंच, आणि ते एकदाच होतं. म्हणून आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. माझं मी त्याच आठवड्यात मोडीत काढलं.

पुण्याच्या माझ्या मावसबहिणीचा विरोध वेगळा. पुण्यात 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा विरोधी कृती समितीच्या मोर्चात तीही होती. आधी खड्डे बुजवा, बस वाढवा, मग आमच्या डोक्याचं बघा, हे तिचं म्हणणं. त्यातलं पहिलं अर्धं मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्या कॉलनीतली ती खडी रस्त्यावर टाकू देणारी व्यवस्था दोषी आहेच, आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस आमच्या रस्त्यावर दिवस दिवस तसाच पडून राहतो, त्यालाही कुणी जबाबदार आहे. पण रस्ते सुधारेपर्यंत डोकं उघडं ठेवून मी कुणाचा निषेध करते? मानेचं दुखणं, कमी ऐकू येणं, केस गळणं, हेही ती सांगते. तिचं हेल्मेट मी एकदा हातात घेतलं. दोन आकार मोठं आणि आतून नुसता स्पंज. तसलं घातल्यावर मान दुखणारच. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकणं बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला बांबूवर टांगलेली तशी हेल्मेटं आजही मिळतात.

तीच बहीण उन्हात निघताना डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ घट्ट गुंडाळते, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, अंगात सनकोट. फक्त डोळे दिसतात. म्हणजे उकाड्यात अंग झाकायची तिची तयारी आहे, रोजची आहे, आणि कुणी सक्ती केलेली नाही. उन्हाने कातडी काळवंडते ती डोळ्यांना दिसते. डांबरावर सोललेली कातडी तिने पाहिलेली नाही. मी माझे तळवे तिला दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आमच्या ग्रुपमध्ये याच्या अगदी उलट टोकाचेही आहेत. साठ-सत्तर हजारांचा गिअर, म्हणजे हे सगळे संरक्षक कपडे, घालायचा आणि घाटात गाडी अशी घालायची, की जणू त्या कपड्यांनी अमरपट्टा दिलाय. त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण गिअर काय करू शकत नाही हे त्यांनी समजूनच घेतलेलं नाही. ऑस्ट्रेलियात लिझ द रोम यांनी अपघातातून दवाखान्यात आलेल्या किंवा गाडी दुरुस्तीला आणलेल्या 212 जणांचा अभ्यास केला. मोटरसायकलसाठी बनवलेले कपडे घातलेल्यांना दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी आली, संरक्षक पॅड असतील तर फायदा आणखी. पण त्याच अभ्यासात पाव हिश्श्याहून जास्त ग्लोव्ह्ज, जॅकेट आणि पँट्स अपघातात फाटल्या किंवा निकामी झाल्या. जॅकेट घसरून पडण्यापुरतं आहे. समोरून येणाऱ्या डंपरसाठी नाही.

आणि ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांचं काय? आमच्या बँकेत जेवणाचे डबे आणि पार्सलं पोचवणारा एक मुलगा येतो. रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवतो, माझ्या चौपटीने. गाडी जुनी, तीस हजारांना घेतलेली. त्याला मी सात हजारांचं जॅकेट घे म्हणून सांगू? ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच परवडत नाही, आणि ज्या कंपन्यांसाठी तो पळतो त्यांनी हे द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्याने विचारलं तेव्हा सांगितलं, आधी चांगलं हेल्मेट, पूर्ण चेहऱ्याचं, हजार-दीड हजारात मिळतं, पट्टा लावलाच पाहिजे. मग तळव्याला जाड चामडं असलेले ग्लोव्ह्ज. मग चपला सोडून घोटा झाकणारे बूट, कामगारांचे सेफ्टी शूज असले तरी चालतील. जॅकेट मागाहून. कॉक्रेन या संस्थेने 2008 साली 61 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. पहिला पैसा डोक्यावर घालायचा तो एवढ्यासाठी.

मला खरा राग येतो तो मागच्या सीटकडे बघून. नवरा हेल्मेट घालून पुढे, बायको साडीत, एका बाजूला बसलेली, मांडीवर बाळ, डोक्यावर पदर. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या 50,029 मृतांची नोंद आहे. त्यात 14,337 मागे बसलेले होते. मोटर वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये चालवणारा आणि मागे बसणारा असा भेदच नाही, पगडी बांधणारे शीख सोडले तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला गार्ड असावं, हेसुद्धा नियमांत आहे. म्हणजे मागे बाई बसणार हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. तिला हेल्मेट घेऊन द्यायचं मात्र घरातल्या कुणाच्या मनात येत नाही.

बायकांची अडचणही मी जाणते. अंबाडा हेल्मेटमध्ये बसत नाही, गजरा चुरगळतो. मी मानेवर सैल वेणी घालते आणि गजरा स्टीलच्या डब्यात, ओल्या रुमालात गुंडाळून नेते. कार्यालयाच्या दारात हेल्मेट काढलं की माळते. त्याला एक मिनिट लागतं.

मागच्या महिन्यात बँकेतल्या आमच्या शिपाईदादांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी एवढं सगळं बोलत बसले आणि ते ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक चिठ्ठी घेऊन आले. शिवणाच्या टेपने बायकोचं डोकं मोजून आणलं होतं, भुवयांच्या वरून आणि मागचा फुगवटा धरून, मी सांगितलं होतं तसं. 54 सेंटिमीटर. "हे कुठल्या साइजचं होईल?" त्यांनी विचारलं. बहुतेक एक्स्ट्रा स्मॉल, मी म्हटलं, पण वहिनींना दुकानात सोबत न्या, घालून बघू द्या. गाल दाबल्यासारखे वाटले पाहिजेत आणि मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे. शनिवारी ते दोघं साताऱ्याला येताहेत. दुकान मी दाखवणार आहे.