आमची वाटचाल : मोटारी भरण्यापासून टॉकीजच्या केबिनपर्यंत

आमचं दुकान सांगलीत, मूळ धंदा वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचा. वडील शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारी भरायचे, मग आम्ही सर्वो स्टॅबिलायझर, म्हणजे कमीजास्त व्होल्टेज सारखं करून देणारं मशिन, बनवायला लागलो, गिऱ्हाईक म्हणजे छापखाने, गिरण्या, दवाखान्यातली एक्स-रे मशिनं. टॉकीजवाले क्वचित यायचे. रिळाच्या प्रोजेक्टरला लागतंय काय, मोटर, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि आर्क, म्हणजे दोन कार्बन कांड्यांमधली ठिणगी, तोच उजेड, व्होल्टेज 180 वर आलं तर पडदा जरा मंद व्हायचा, ऑपरेटर कार्बन पुढं सरकवायचा आणि खेळ चालू.

2010 नंतर प्रिंटा बंद होत गेल्या, तालुक्याच्या टॉकीजमध्ये डिजिटल मशिनं बसली पण मागचं वायरिंग तेच राहिलं, म्हणजे लाखोंचं मशिन आणि त्याला सप्लाय कसला तर जुन्या कटाउटमधून, म्हणजे फ्यूजच्या डबीतून आलेला. बोर्ड उडायला लागले, लॅम्पचा पॉवर सप्लाय जायला लागला, सिनेमा साठवणाऱ्या सर्व्हरच्या हार्ड डिस्क खराब व्हायला लागल्या आणि प्रत्येक मालकाचं एकच, मशिनच भंगार दिलंय. मशिन बहुतेक वेळा बरं असतं हो, त्याला जे खायला घालताय ते बघा की!

आता आमचाच माल आहे म्हणून स्पष्टच सांगतो, नुसत्या सर्वोनं प्रोजेक्टर वाचत नाही. सर्वोत मोटर फिरून ब्रश सरकतो, त्याला वेळ लागतो. समजा संध्याकाळी लाइन 170 वर आहे, सर्वो ती ओढून 230 करून देतोय, तेवढ्यात पंपांची थ्री फेज बंद झाली, लोड उतरला आणि लाइन एकदम 230 वर आली, तर ब्रश खाली यायच्या आधी क्षणभर आउटपुट तीनशेच्या वर जातं. आतला बोर्ड उडायला तेवढा क्षण पुरतो.

त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी तार. तीन फेजवर लोड कमीजास्त असतो, न्यूट्रल कुठं ढिला झाला की हलक्या लोडच्या फेजवर व्होल्टेज चढतं, पार तीनशे-साडेतीनशेपर्यंत. वायरमन लोकांना हे पाठ असतं, एका खोलीतले बल्ब मंद आणि दुसरीकडचे भगभगीत दिसले की ते आधी न्यूट्रलच बघतात. म्हणून आम्ही कोटेशन द्यायच्या आधी मेन पॅनेल उघडतो, लग, म्हणजे तारांच्या टोकाचे जोड, आवळतो, न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट आहे ते मोजतो, दोन-तीनच्या वर असलं तर आधी ते काम, बाकीचं नंतर. यात आमची विक्री कमी होते, पोरं म्हणतात पण, तरी आम्ही हेच धरून राहिलो.

यूपीएसचा पण घोळ असतो. प्रोजेक्टरचा झेनॉन बल्बच 2 ते 6 किलोवॅटचा, सगळं मशिन यूपीएसवर घ्यायचं तर बॅटऱ्यांचा खर्च मालकाला झेपत नाही. बऱ्याच मॉडेलला इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी इनलेट असते, ती आणि सर्व्हर ऑनलाइन यूपीएसवर, म्हणजे लाइट जाताना क्षणाचाही खंड न पडू देणाऱ्या यूपीएसवर घ्यायचे, लॅम्प मात्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (लाइनपासून वेगळं ठेवणारा) आणि सर्वोवर. लाइट गेली तरी सर्व्हर जिवंत राहतो, नाहीतर तो परत बूट होईस्तोवर खाली शिट्ट्या सुरू. बल्बच्या फॅनला मात्र सप्लाय कुठून मिळतो ते मॉडेलप्रमाणं बघून घ्या, कारण बल्ब विझल्यावरही 10-15 मिनिटं फॅन चालायला लागतो, तापलेला बल्ब तसाच राहिला की त्याचं आयुष्य घटतं. जत्रेतल्या तंबू टॉकीजची कथा वेगळीच, सगळं डीजीवर (डिझेल जनरेटरवर), डीजीची फ्रिक्वेन्सी हलली की यूपीएस ती लाइन घेतच नाही आणि गुपचूप बॅटरीवर चालत बसतो, मग बॅटरी संपली की एकदम अंधार.

2020 च्या मार्चमध्ये टॉकीजा बंद झाल्या तेव्हा आमचं कामही थांबलं. पण बंद मशिनंच जास्त बिघडली, दमट केबिन, कपॅसिटर पडून, शिवाय सर्व्हरमधली सिक्युरिटी बॅटरी उतरली की आतल्या की, म्हणजे सिनेमा उघडायच्या डिजिटल किल्ल्या, पुसल्या जातात आणि ते युनिट कंपनीकडंच पाठवायला लागतं. ज्यांनी आठवड्यातून एकदा मशिन चालू ठेवलं त्यांचं बरंचसं वाचलं.

आता लेझर आलंय. बल्ब नाही म्हणजे प्रोटेक्शन नको असं काही मालकांना वाटतं, पण लेझरचे ड्रायव्हर आणि कूलिंग याच लाइनवर चालतात ना. फायदा एवढाच की छोट्या मशिनांचा लोड कमी, त्यामुळं अख्खं मशिन ऑनलाइन यूपीएसवर घेता येतं आणि आमचं बिलही कमी होतं, ठीक आहे.

आभाळातली वीज मात्र कुठूनही शिरते, गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून पण, म्हणून सर्ज अरेस्टर (एकदम चढलेलं व्होल्टेज जमिनीत सोडणारं उपकरण) मेनला आणि त्या केबलला दोन्हीकडं लावतो. साउंडचं अर्थिंग वेगळं, प्रोजेक्टरचं वेगळं असली जुनी पद्धत असेल तर दोन्ही आपसात जोडून घेतो, नाहीतर वीज कडाडली की नेटवर्कचे पोर्ट पहिले जातात. अर्थिंगची कामं आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच घेतो, वळीव लागायच्या आत. पावसात जमीन ओली असल्यानं रीडिंग उगाच चांगलं येतं आणि मालकाला वाटतं सगळं ओके आहे, त्यामुळं जूननंतर कोणी बोलावलं तर मोजून देतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये परत मोजायला येणार असं बिलावरच लिहितो.