आमची वाटचाल : शिवराईपासून अँगलसीच्या टोकनपर्यंत

पुण्यात तांब्याच्या नाण्यांचा धंदा करणाऱ्याची सुरुवात बहुधा शिवराईने होते, आमचीही तशीच झाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. या नाण्यांचा ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे एखादं अक्षर मुळात उतरलेलंच नसतं. ते झिजलेलं समजून भाव पाडू नये. कडेला कापलं गेलेलं अक्षर जेवढं दिसतं तेवढं शेजारच्या अक्षराइतकंच उंच असतं. झिजलेलं सगळीकडून बसकं होतं.

शिवराईला झिजेपेक्षा जास्त नुकसान सफाईने होतं. देवघरातली शिवराई दिवाळीला चिंचेने, लिंबाने नाहीतर पितांबरीने घासली जाते. त्यामागची श्रद्धा आम्हाला मान्य आहे, पण आम्लाने तांब्यावरचा जुना ऑक्साइडचा थर निघतो आणि नाणं गुलाबीसर, निर्जीव दिसू लागतं. नवा रंग धरतो तो डागाळलेला. तो मूळचा तपकिरी थर पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून आमच्या पावतीवर झीज आणि पृष्ठभाग असे दोन वेगळे रकाने आले, आणि आमच्या दुकानाचं वेगळेपण त्या दुसऱ्या रकान्यात आहे.

शिवराईनंतर ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई इलाख्याचे पैसे आले: 1791 आणि 1794 सालचे, एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू. हे पैसे बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर पाडले गेले. त्याच टांकसाळीतून त्याच काळात ब्रिटनमधल्या व्यापाऱ्यांची तांब्याची टोकनं, म्हणजे त्यांनी स्वतः काढलेली नाण्यासारखी चिल्लरही बाहेर पडत होती. तो धागा धरून आम्ही टोकनांकडे वळलो.

तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारी तांब्याची चिल्लर नीट मिळत नव्हती आणि खोट्या नाण्यांचा सुळसुळाट होता. 1787 साली वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस (Parys) खाण कंपनीने स्वतःची पेनी काढली. तिच्यावर ओकच्या पानांच्या वेढ्यात ड्रुइडचं, म्हणजे प्राचीन केल्टिक पुजाऱ्याचं डोकं आहे, मागे कंपनीची गुंफलेली आद्याक्षरं, आणि कडेवर ही पेनी लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीला वटवून मिळेल असं वचन. वजन जवळपास 1 औंस, म्हणजे 28 ग्रॅमच्या आसपास. पाठोपाठ इतर कारखानदारांची आणि दुकानदारांची टोकनं आली. 1797 साली बोल्टनच्याच टांकसाळीतून सरकारी पेनी निघाल्यावर त्यांची गरज संपत गेली. यांतली बरीच टोकनं त्या काळातच हौशी संग्राहकांनी लाकडी कप्प्यांत जपून ठेवली. त्यामुळे सव्वादोनशे वर्षांनंतरही मूळची लाली टिकलेलं तांबं पाहायला मिळतं. ही लालीच खरी आहे का, हे ठरवणं आमच्या कामाचा गाभा आहे.

टोकन कडेने धरायचं, दोनच बोटांत. खोलीतले बाकी दिवे बंद करून एकाच दिव्याखाली ते हळूहळू कलवत फिरवायचं. मूळ झळाळी असेल तर उजेडाचा पट्टा पृष्ठभागावर गोल फिरतो. ब्रशने चकाकवलेल्या तांब्यावर उजेड एका जागी साचतो, आणि 10 पट भिंगाखाली अक्षरांच्या पायाशी बारीक समांतर रेघा दिसतात. मग रंग कुठे आहे ते पाहायचं. खरी लाली आडोशाला टिकते: अक्षरांच्या पोटात, पानांच्या खाचांत. उंचवटे आधी तपकिरी होतात. ड्रुइडचा गाल लाल आणि खाचा काळ्या असतील, तर तिथे कुणीतरी पॉलिश फिरवलं आहे. नुसता गालच किंचित मळकट झाला असेल तर ती कप्प्यात सरकून झालेली घासण, तिचा आम्ही फार बाऊ करत नाही.

खड्ड्यांच्या बाबतीत घाई करू नये. लाटलेल्या पत्र्यातला मूळ दोष ठशाच्या दाबाने बराचसा मिटतो. जिथे धातू पोचला नाही अशा उंच भागावर तो शिल्लक राहतो, आणि त्याच्या कडा गुळगुळीत असतात. मातीत गंजून पडलेले खड्डे उंच-सखल न बघता सगळीकडे पसरतात आणि दाणेदार लागतात. अशा टोकनाचं वजनही घटतं, म्हणून काटा 0.01 ग्रॅमचा हवा.

तेल, हळद-कुंकवाचा चिकटा किंवा पीव्हीसी अल्बमचा हिरवट लगदा असेल तर शुद्ध ॲसिटोन वापरतो: काचेच्या वाटीत 5 ते 10 मिनिटं, खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, कापसाने घासणं नाही. ॲसिटोन तांब्याच्या थराला हात लावत नाही, पण वरून लावलेला रंग त्यात बहुधा सुटतो. वाटीतलं द्रावण तपकिरी झालं की आम्हाला उत्तर मिळतं.

कळंक, म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा थर, दोन प्रकारचा. गडद, कडक, घट्ट बसलेला हिरवा थर बहुधा स्थिर असतो. तो राहू द्यावा. फिकट हिरवी, टोकरलं की पूड होणारी फुलं दिसली तर ते टोकन त्याच दिवशी इतरांपासून वेगळं काढावं. आतले क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने तांबं खात राहतात. त्यावर सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं 5 टक्के द्रावण, म्हणजे 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 50 ग्रॅम, आणि त्यात काही आठवडे बुडवून ठेवणं, द्रावण मधूनमधून बदलत. यात थराचा रंग बदलू शकतो, म्हणून मालकाची संमती घेतल्याशिवाय आम्ही हे करत नाही.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान कोकणातल्या ग्राहकांचं होतं. पीव्हीसीची मऊ पाकिटं फेकून द्यावीत. मायलर (पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म) किंवा पॉलिप्रोपिलीनची वापरावीत, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून. आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली तर कळंक सहसा जागा होत नाही. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा कोरडे करावेत.

परदेशातली मराठी मंडळी शिवराई पाठवा म्हणून आग्रह करतात. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं नाणं खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे आम्ही तशी मागणी स्वीकारत नाही. त्यांना तिथल्या बाजारात मिळणारं सोहोचं टोकन कसं पारखावं, हे आम्ही फोनवर सविस्तर सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही.