जुनापाणीच्या उतारावर पुन्हा

सकाळी सहाला नागपुरातल्या धरमपेठेतून निघालो तेव्हा अंधार होता आणि फुटाळा तलावावरून येणाऱ्या वाऱ्याने बोटं सुन्न पडत होती. अशा थंडीत माझं डावं मनगट माझ्याआधी जागं होतं. चढ सुरू होण्याआधी मी थांबले, हातमोजा काढला आणि मनगट दहा वेळा गोल फिरवलं. भाचा पुढे जाऊन उभा होता. तो २४ वर्षांचा, मी ४९ ची. त्याने काही विचारलं नाही, त्याचं बरं वाटलं.

हजारीपहाडावरून काटोल रोडला लागलो. पूर्वी हा रस्ता मला फक्त गाठायचं ठिकाण मिळवून देणारा वाटे. आता चाकाखाली काय आहे ते मी वाचत जाते. डांबर संपलं की मुरूम, मुरुमाखाली काळा बेसॉल्ट, आणि सखल भागात काळी माती. पावसाळ्यात ही माती चाकाला अशी चिकटते की सायकल उचलून न्यावी लागते, म्हणून आमच्याकडे माउंटन बायकिंगचा खरा मोसम दिवाळीनंतरचा. तुरीच्या शेंगा भरलेल्या होत्या, हरभरा गुडघ्याच्याही खाली होता. फेटरीच्या बाजूला ऊन वर आलं.

जुनापाणीला सायकली शिलावर्तुळांच्या बाहेरच आडव्या ठेवल्या. मोठमोठे काळे दगड गोलात मांडलेले, मध्ये दगडमातीचा उंचवटा, आणि अशी वर्तुळं माळभर. ही लोहयुगातल्या माणसांची दफनं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. मी एका खळग्यात बोट ठेवलं, दगड अजून रात्रीच्या थंडीतच होता. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे खोदकाम केलं होतं. विदर्भातल्या अशा दफनांमध्ये, जवळच्या माहुरझरीलाही, माणसांसोबत घोडे पुरलेले सापडले. म्हणजे याच माळावर अडीचेक हजार वर्षांपूर्वी लोक घोड्यावर बसून उतार उतरत होते. तेही पडत असतील, त्यांचीही मनगटं मोडत असतील. प्लास्टर नसताना ते काय करत असतील, हे मी बराच वेळ मनात घोळवत बसले.

माझं मोडलं ते परतीच्या पांदणीवर. गेल्या जानेवारीत. उतार फार नाही, पण मध्ये एक वळण आहे आणि तिथे सुटी गिट्टी साचते. चाक वळलेलं असताना मी पुढचा ब्रेक जोरात दाबला. पुढचं चाक सरकलं, मी डावीकडे गेले आणि हात टेकला. पडताना प्रत्येकजण हात टेकतो. शरीर विचारून करत नाही.

त्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत दिसलं, मुरगळलंय असं ठरलं. पट्टी बांधून मी कामाला लागले. बाराव्या दिवशीही कुलपात किल्ली फिरवताना डोळ्यांत पाणी येत होतं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबलं की कळ यायची. दुसऱ्या एक्स-रेत स्कॅफॉइड नावाच्या, काजूएवढ्या हाडाच्या मधोमध रेघ दिसली. ही रेघ पहिल्या दिवशी अनेकदा दिसतच नाही. म्हणून त्या खळग्यात दुखत असेल तर हात आधारात ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या बारा दिवसांत बादल्या उचलल्या नसत्या. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने मिळतं आणि मागे सरकत जातं. मध्ये तडा गेला की मागच्या तुकड्याची उपासमार होते. माझं प्लास्टर दहा आठवडे राहिलं.

प्लास्टर निघालं तेव्हाचा हात मला ओळखू आला नाही. पोळी लाटताना मनगट मागे वाकेना. भिंतीला तळवा टेकून रोज एक-एक अंश परत मिळवला. हाडांची घनताही तपासून घेतली, कारण रजोनिवृत्तीच्या सुमारास ती झपाट्याने घटू लागते. घरचे म्हणाले, आता पुरे, वय झालं. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते: मी पडले ते ब्रेक चुकीचा दाबल्यामुळे. वयामुळे बरं व्हायला वेळ लागला. लोक या दोन गोष्टींची एकच गोष्ट करून टाकतात आणि पन्नाशीच्या बायकांच्या सायकली गॅलरीत गंजतात.

तर पुन्हा त्या उतारावर. टायरमधली हवा मी आता कमी ठेवते, ब्रेकवर एकच बोट, पकड जाड रबराची. पण आधी सायकल तिथेच ठेवून पायी उतरले. वळणावर गिट्टी होतीच. बाजूच्या वावरातून एक भाऊ धुऱ्यावर आले.

“काहून जी ताई, पंचर झाली काय?”

“नाही भाऊ, रस्ता पाहून राहिली.”

“पाहा मंग निवांत,” म्हणाले आणि हरभऱ्याचे दोन डहाळे दिले.

वर जाऊन सीट चार बोटं खाली केली. वरचा टप्पा बसून, नव्हे, पेडलवर उभी राहून उतरले. छाती धडधडत होती, पण नजर वळणाच्या पलीकडे ठेवता आली. गिट्टीच्या अलीकडे दोन्ही ब्रेक हलके दाबत थांबले, पाचेक मीटर सायकल हातात धरून चालले, पुन्हा बसले आणि नाल्यापर्यंत सोडली.

भाचा खाली वाट पाहत होता. “मावशी, तेवढंच राहिलं.”

“ते पुढच्या हिवाळ्यात.”

हातमोजा काढून अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं. दुखलं नाही. मग हरभरा सोलत बसलो. तर्री पोह्यांची गाडी उठायला अजून तासभर होता.