छेदातला सेंटिमीटर

आमचे फिजिक्सचे सर उत्तरपत्रिकेत एककाशिवाय नुसता आकडा दिसला की त्याच्यापुढे लाल शाईने 'काय?' एवढंच लिहायचे. मार्क शून्य. आकडा बरोबर असला तरी शून्यच. त्यांना आम्ही 'कायसर' म्हणायचो. हे त्यांना ठाऊक असणार, असं आता वाटतं.

१९८३ साली मी अकरावीत होतो. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात तांब्याची उष्णतावाहकता ०.९२ दिली होती, आमच्या वह्यांत ३८५. दोन्ही बरोबर कसे, म्हणून मी विचारलं, आणि सरांनी मलाच फळ्यापाशी उभं केलं. जुना आकडा कॅलरीतला: दर सेकंदाला, दर सेंटिमीटरला, दर अंश सेल्सिअसला. नवा वॅट (म्हणजे सेकंदाला ज्यूल), मीटर, केल्विनमधला. कॅलरीचे ४.१८४ ज्यूल केले, इथवर ठीक. सेंटिमीटरचा मीटर करायचा म्हणून १०० ने भागलं आणि ०.०३८५ लिहून मोकळा झालो.

"वा! म्हणजे तांबं बुचासारखं दुर्वाहक," सर म्हणाले. "उद्या सकाळी बंब पेटला की त्याला पाठ टेकून बस."

वर्ग हसून झाल्यावर त्यांनी खडू माझ्याच हातात ठेवला. सेंटिमीटर छेदात आहे ना? त्याच्या जागी १/१०० मीटर लिही, मग बघ १०० कुठे जातात ते. गेले वर. ०.९२ × ४.१८४ × १०० = ३८५. पुढच्या बाकावरच्या एकाने केल्विनसाठी त्यात २७३ मिळवायचं सुचवलं, तेव्हा सरांचा आवाज चढला. इथे तापमान नाही, तापमानातला फरक आहे. एक अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे एक केल्विनचाच फरक!

पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात इन्शुलेशनचं काम करणाऱ्या एका कंपनीत लागलो. तिथे एका टेबलावर तीन जमान्यांचे कागद असायचे: कुणाची शीट किलोकॅलरी-तासात, कुणाची बीटीयूत, म्हणजे उष्णतेच्या ब्रिटिश एककात, नवी ड्रॉइंग वॅटमध्ये. गरम तेलाच्या टाकीसाठी ग्लासवूलची जाडी काढायची होती. कॅटलॉगमध्ये त्याची वाहकता ०.२८ होती, बीटीयूवाली. वॅटमध्ये आणायला मी १.७३ ने गुणून ०.४८ घेतलं आणि जाडी आली ६०० मिलिमीटर. साइटवरचे काका कागद बघून म्हणाले, "साहेब, टाकीला बाळंतपण आहे का?" तो आकडा 'इंच' जाडीवरचा होता, मी तो 'फूट' धरला होता. बरोब्बर बारापट. खरा गुणक ०.१४४, खरी वाहकता ०.०४ आणि जाडी ५० मिलिमीटर.

ही चूक मला फारशी लागली नाही, कारण ती ओरडून सांगत होती. घात केला तो किलोकॅलरी-तासाने. तिथला गुणक १.१६३, म्हणजे जवळजवळ १. एकदा तो लावायचाच राहिला. वाहकता कमी धरली गेली, जाडी कमी पडली आणि कुणालाच संशय आला नाही. उन्हाळ्यात पत्र्याचं क्लॅडिंग, म्हणजे वरचं आवरण, ठरल्यापेक्षा जास्त तापू लागलं, तेव्हा कुठे फाइल परत उघडली.

निवृत्त झाल्यावर सर एकदा तलावपाळीला भेटले. बारापटीची गोष्ट सांगितली, दुसरी नाही सांगितली. ते हसले नाहीत. "०.१४४ पाठ केलास की काढलास?" असं विचारून त्यांनी दाण्यांची पुडी रिकामी केली आणि कागद पुढे केला. कठड्यावर टेकवून लिहायला लागलो: वर १०५५ ज्यूल गुणिले ०.०२५४ मीटर, खाली ३६०० सेकंद, ०.०९२९ चौरस मीटर आणि फॅरनहाइटच्या अंशासाठी ५/९. खोडाखोड करत ०.१४४ वर आलो आणि कागद त्यांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा लावून तो पाहिला, माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि उत्तरापुढे लिहिलं, 'काय?'